आठ जीबी कुठे गेले?

नकाशा चौथ्यांदा थिजला, तेव्हा तिने माउस असा आपटला की खिडकीपाशी बसलेल्या दादांनी मान वर केली. दादा म्हणजे नकाशा विभागातलं जुनं खोड. तिथले सगळे संगणक तेच बघत. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"लटकलं परत? घाई नको गं करूस. तुझं अर्धं चित्त पाळणाघरात, मग काय होणार!"

तिने दात आवळले. लेक दहा महिन्यांची होती, आणि हो, पाळणाघरात होती. पण चित्त इथेच होतं. शहराच्या पाइपलाइनी दाखवणारा, जावा या संगणकभाषेतला हा प्रोग्रॅम लहान नकाशे मुकाट उघडायचा. तिच्या वाट्याचा मोठा नकाशा मात्र अर्धा रंगला की ठप्प. तीन आठवडे हेच चाललं होतं. आज सकाळी विभागप्रमुख मॅडमनी हातात पत्र ठेवलं: कामाचा वेग समाधानकारक नाही, सोमवारपासून चौकशीच्या खिडकीवर बदली. शिफारस दादांची.

सातव्या महिन्यात, सुजलेल्या पायांनी परीक्षा देऊन मिळवलेलं काम होतं ते!

"दादा, याला मेमरी पुरत नाहीये."

"आठ जीबी दिलेत मी. तू रजेवर होतीस तेव्हाच."

"कुठे दिलेत?"

"आता तू मला शिकवणार?"

तिने माउस पुढे ओढला. प्रोग्रॅम ज्या फाईलवरून सुरू व्हायचा, ती उघडली. आत एकच ओळ:

java -jar nakasha.jar -Xmx8g

तिची कानशिलं तापली. -Xmx8g, म्हणजे ते आठ जीबी, होते, पण nakasha.jar या प्रोग्रॅमच्या नावानंतर. नावाआधी लिहिलं तर जावा ते ऐकते; नंतर लिहिलेलं सगळं थेट प्रोग्रॅमच्या पदरात पडतं. आणि हा पठ्ठ्या ते गुपचूप गिळून बसला होता. ना तक्रार, ना इशारा.

तिने संगणकाला थेट आज्ञा देण्याची काळी खिडकी उघडली आणि एकेक अक्षर ठोकत लिहिलं:

java -Xmx8g -jar nakasha.jar

नकाशा उघडला. चारही कोपऱ्यांपर्यंत रंगला.

दादा मागे येऊन उभे राहिले. "अरेच्चा! एवढंसंच होतं होय? चला, मिटलं."

"मिटलं कसं? तीन आठवडे माझी पोर सगळ्यांत शेवटी घरी जातेय. काल तर पाळणाघरातल्या बाईंच्या खांद्यावर झोपून गेली होती. मला वाटत होतं, मीच कमी पडतेय." तिचा आवाज धारदार झाला. "शिफारस मागे घ्या. लेखी."

"उद्या बघू की."

"आत्ता. पाळणाघर साडेपाचला बंद होतं. वीस मिनिटं आहेत."

दादा एका बोटाने टाइप करू लागले. ती मागेच उभी.

"'तांत्रिक अडचणीमुळे' नको. 'माझ्या चुकीमुळे' लिहा."

"अगं, माझ्या वयाचा तरी मान ठेव!"

"म्हणूनच हळू बोलतेय."

दादांनी खोडलं, लिहिलं, छापून सही केली. तिने कागद स्वतः मॅडमपुढे नेऊन ठेवला. मॅडमनी तो दोनदा वाचला, सकाळचं पत्र परत मागून फाडलं. "सोमवारी आपल्या जागेवरच बस."

ती आभार मानायला थांबली नाही. पळतच पाळणाघर गाठलं. लेकीने दोन्ही हात पसरले. तिने तिला उचलून घट्ट छातीशी धरलं, तेव्हा कुठे तिचा संताप जरा निवळला.