डाव्या कुशीची उशी

साहेबांनी पलंगावरची तिसरी उशी उचलली, दाबून पाहिली आणि पुन्हा डाव्या बाजूला ठेवली. लहानशी, टणक, बरोबर काखेखाली बसेल अशी. फोनवर त्यांनी घरमालकिणीला यादीच दिली होती: दोन कडक उशा आणि डाव्या कुशीला एक छोटी. दमेकऱ्याचे चोचले, दुसरं काय! पण भाड्याच्या खोलीत ते कोणी इतकं मनावर घेईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

बायको कपाट लावत होती. स्वेटर तिने सगळ्यात खाली दडपले, कारण इथे ऐन थंडीतही पंखा लागत होता. खिडकीतून नारळाच्या झाडांमागे समुद्राची पट्टी दिसत होती. दोन महिने हे सगळं आपलं, ती म्हणाली, कोणाची सरबराई नको की कोणाची मर्जी सांभाळणं नको. कोणाची, ते दोघांनाही ठाऊक होतं.

साहेबांची धाकटी बहीण याच गावात राहत होती. बाजारामागच्या गल्लीत तिचं शिवणाचं दुकान आणि त्यालाच लागून दोन खोल्या. दर थंडीत तिचा फोन यायचा, दादा, इकडे ये, छातीला बरं वाटेल. यंदाही आला. पस्तीस वर्षं कचेरीत ज्यांनी कोणाची थाप खपवून घेतली नाही, त्या साहेबांनी बेधडक सांगून टाकलं की डॉक्टरांनी प्रवासच बंद केलाय. धाकटी एवढंच म्हणाली, जप स्वतःला.

एवढं खोटं बोलण्याचं कारण तरी काय? तिच्याकडे गेलं की ती यांना पलंग देणार आणि स्वतः स्वयंपाकघरात फरशीवर झोपणार. त्यात दिवसभर मशीनची खडखड. बायकोला मोकळेपणा हवा होता. साहेबांनाही तो हवाच होता, पण मनातल्या मनात नाव बायकोचं पुढे करणं सोयीचं. सरळ सांगितलं असतं तर धाकटी चार दिवस रुसली असती आणि विषय मिटला असता. सरळ सांगायला मात्र तोंड लागतं.

मग टोपी डोळ्यांवर ओढून फिरणं आलं. भाजी लांबच्या टोकाला जाऊन आणायची, बाजाराकडे पाऊलही टाकायचं नाही. सुट्टी कसली, फरारी कैद्याची गत.

चौथ्या दिवशी सकाळी घरमालकीण चादरी बदलायला आली. बायकोने उशांचं कौतुक केलं. घरमालकीण म्हणाली, श्रेय माझं नाही, गावातल्या सगळ्या भाड्याच्या खोल्यांचं शिवणकाम एकच बाई करते.

"तुमची यादी वाचून दाखवली, तर तिने माप पण विचारलं नाही," ती कौतुकाने सांगू लागली. "उलट मलाच विचारते, त्यांना दमा आहे का? तुम्ही यायच्या आदल्या दिवशी उशा घेऊन स्वतः आली आणि पलंगाचं डोकं खिडकीकडे फिरवून गेली. तुमच्या ओळखीची आहे का हो?"

बायको हातातल्या चादरीची शिवण निरखू लागली.

"नाही," साहेब म्हणाले.

घरमालकीण गेल्यावर ते पलंगाच्या कडेला बसून राहिले. लहानपणी दम लागला की काखेखाली उशी कोण सरकवायचं? धाकटीच. आणि ती यादी आपण आपल्याच तोंडाने या गावात धाडली, एवढं साधं डोक्यात येऊ नये? तिला सगळं कळलं होतं. चार दिवस ती वाट पाहत होती, आणि आज आपण तिला ओळखत नाही म्हणालो. साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चला," बायको चपला घालत म्हणाली. "मी पण येते."

दुकानापाशी पोचल्यावर मात्र ती समोरच्या छपराखाली थबकली. साहेब एकटेच पायरी चढले. आत घरमालकीण पडद्याचं कापड घेऊन उभी होती.

"हेच ते पाहुणे," ती धाकटीला म्हणाली. "मघाशी तुला सांगितलं ना, तुझी ओळख नाही म्हणाले."

धाकटीने मशीन थांबवलं. साहेबांकडे पाहिलं, मग घरमालकिणीकडे.

"या, बसा," ती साहेबांना म्हणाली. "उशी नीट बसतेय ना तुम्हाला?"

जन्मात तिने त्यांना 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. एरवी कुठलंही गिऱ्हाईक आलं तरी ती याच आवाजात बोलत असणार. नुसतं हो म्हणायचं, एखादं माप द्यायचं आणि बाहेर पडायचं. तिने वाट मोकळी करून दिली होती. साहेबांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"मघाशी मी खोटं बोललो," ते घरमालकिणीला म्हणाले. "ही माझी सख्खी बहीण आहे."

घरमालकीण दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिली. मग पडद्याचं नंतर बघू असं काहीतरी पुटपुटत कापड तिथेच ठेवून निघून गेली.

धाकटीने दोरा तोडला, सुई वर घेतली. उठायला तिला बराच वेळ लागला.

"वहिनी कुठंय?"

साहेबांनी रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. धाकटी पदराला हात पुसत पायरी उतरली आणि वहिनीला आणायला उन्हात गेली. जाताना ती त्यांना बस म्हणाली नाही. खुर्ची हाताशी होती, तरी साहेब उभेच राहिले.