एक पत्ता, एक कूपन

दोघी जावांची चूल वेगळी होऊन आठ महिने झाले होते, आणि तेवढेच महिने दोघींच्या तोंडाला कुलूप होतं. थोरली खालच्या मजल्यावर, धाकटी वरच्या. बाहेरचं दार एकच, पत्ता एकच. चूल वेगळी मागितली होती ती धाकटीनेच.

म्हणून दुकानाच्या रांगेत थोरली अगदी पुढ्यातच दिसली तेव्हा धाकटीने मान वळवली. तिच्या हातात बाळाच्या दुधाच्या पावडरचा डबा होता. बाळाला दुसरं कुठलंच दूध पचत नव्हतं, घरच्या डब्याचा तळ दिसू लागला होता, आणि पर्समध्ये जेमतेम निम्म्या किमतीचे पैसे. बाकी सगळी मदार दुकानाने नाव-पत्ता घालून पाठवलेल्या कूपनवर. कोणतीही एक वस्तू अर्ध्या किमतीत, आज शेवटचा दिवस.

थोरलीने तेलाचा कॅन घेतला, कूपन दिलं आणि बाजूला होऊन कॅन पिशवीत घालू लागली. धाकटीची पाळी आली. काउंटरवरच्या मुलीने कूपन मशीनला दाखवलं आणि मान हलवली.

"मॅडम, नाही चालणार. एका पत्त्याला एकच कूपन. तुमच्या पत्त्यावर आत्ताच वापरलंय."

कूपनच्या मागे बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतं म्हणे! पण मागचं वाचतो कोण? आणि हा नियम करणाऱ्याला जावा नसणार, हे नक्की.

"अहो, पण आम्ही वेगळे राहतो!"

"मग दोघींनी या फॉर्मवर सह्या करा. आमची कुटुंबं वेगळी आहेत, असं लिहिलंय त्यात. मग दुसरं कूपन चालतं."

धाकटीने तिथल्या तिथे सही ठोकली. आता थोरलीची हवी होती. रांगेतून कुणीतरी खेकसलं, "अहो, आवरा की लवकर!"

"ताई," धाकटीने कशीबशी हाक मारली.

थोरली वळली. तिने फॉर्म घेतला, चष्मा सावरला आणि अगदी खालच्या सहीपर्यंत वाचून काढला.

"मी नाही सही करणार."

"ताई, पाया पडते तुमच्या!" धाकटीला रडू फुटलं. "राग माझ्यावर काढा, पोरावर नको."

"पोरावर?" थोरलीचा आवाज चढला. "अगं, तो रडायला लागला की मी जिन्यात येऊन बसते. वर येऊ का म्हणून विचारायची सोय ठेवलीस का तू?"

तिने कॅन काढून काउंटरवर ठेवला. "माझं बिल रद्द करा. कूपन त्या डब्याला लावा."

"पण काकू, नुसती सही केलीत तर दोघींनाही मिळेल," मुलगी म्हणाली.

"समजलंय मला. पण खोटं लिहून देणार नाही."

रिकामी पिशवी घेऊन ती बाहेर पडली. धाकटीला डबा अर्ध्या किमतीत मिळाला, आणि अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. डबा छातीशी धरून ती मागोमाग धावली.

"ताई, थांबा ना! बरोबरच जाऊ."

थोरली थांबली नाही. चाल मात्र तिने जरा कमी केली.