लालबागच्या नाक्यापर्यंत

"विचार गो तुझ्या काकीला, मुंबईच्या धक्क्यावर उतरल्यावर डावीकडं वळायचं का उजवीकडं?" बाबांनी मला फर्मावलं.

राहीकाकी माझ्यापासून दोन हातांवर, माजघराच्या दाराआड बसली होती. बाबांचा शब्दन् शब्द तिला ऐकू येत होता. पण बाबा पडले तिचे थोरले दीर. दिरानं धाकट्या भावजयीशी थेट बोलायचं नाही, तिनं त्यांच्यासमोर यायचं नाही, ही आमच्या मांडवीच्या घराची रीत. म्हणून उंबऱ्यावर मी, मांडीवर कागद आणि हातात टाक. मराठी सातवीतल्या मुलीचा काय हा उपयोग!

माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. चौदा वर्षं काकीनं मुंबईत लालबागला खाणावळ चालवली. गिरणीतला माझा काशीरामकाका खोकून खोकून अंथरुणाला खिळला, तेव्हाही बावीस माणसं तिच्या हातचं जेवत होती. डोक्यावर डब्यांची पाटी घेऊन तिनं परळ, शिवडी, भायखळा पायाखाली घातलं. भाद्रपदात काका गेला आणि तिला इथं आणलं. "शेवटच्या आगबोटीनं परत जाईन," असं ती म्हणायची. ती बोट उद्या होती. मग पावसाळाभर समुद्र बंद. आणि आज बाबांनी परस्पर ठरवून टाकलं, तिच्या खोलीत भिकाजी राहणार! का, तर एकटी बाई मुंबईत राहिली तर लोक काय म्हणतील? मी विचारते, चौदा वर्षं लोक काय म्हणत होते? जेवत होते!

भिकाजी बाबांचा धाकटा मावसभाऊ, पडवीत त्यांच्या शेजारीच बसलेला. मिशा ह्या एवढ्या, आणि जन्मात सावर्ड्याच्या बाजारापलीकडं गेलेला नाही.

"उजवीकडं," दाराआडून काकी म्हणाली. "हमालाच्या नादी लागू नको म्हणावं. डोंगरीत शिरलास की सुक्या मासळीचा वास येईल, त्या वासानं जा. तिथं हाजराबी बसते, आपल्या हर्ण्याची. राहीनं सलाम सांगितलाय म्हण. पाणी पाजल्याबिगर सोडायची नाय ती."

"सलाम कशाला? वाट तेवढी लिही," बाबा मला म्हणाले.

मी सलामही लिहिला. चांगला ठळक.

मग भेंडीबाजार आला, तिथली ट्रामची घंटा आली. "भायखळ्याच्या बाजारात भाजी सांजची घ्यावी, तेव्हा भाजीवाल्या घराकडं जायच्या घाईत असतात. चिंचपोकळीच्या पुलावर जरा उभा राहा. लय गोड वारा लागतो." दार कधी अर्धं उघडलं ते काकीला कळलंच नाही. आठ महिने जी बाई हो-नाहीपलीकडं बोलली नव्हती, ती आता पुलावर उभी होती!

"वयनी, एवढं माझ्या डोक्यात कसं ऱ्हायचं?" भिकाजी रडकुंडीला आला.

"मग तिलाच जाऊ दे ना!" माझ्या तोंडून निघून गेलं. "जिला वाट पाठ आहे तिनं घरात बसायचं आणि..."

"तुळशे! शाळेत घातली म्हणून शेफारलीस?" बाबा गरजले. "विचार तिला, लालबागच्या नाक्यापुढं कुठं?"

मी नाही विचारलं. टाक खाली ठेवला.

दार करकरलं. काकी बाहेर पडवीत आली, थेट बाबांच्या समोर. डोक्यावरचा पदर जागच्या जागी होता. कमरेची किल्ली सोडून तिनं भिकाजीपुढं ठेवली आणि बाबांकडं सरळ बघत म्हणाली, "किल्ली घ्या, भावजी. पण नाक्यापुढं माझी खोली हाय. तिथली वाट मी नाय सांगायची."

बाबांची पंचाईत झाली. रीत मोडली म्हणून रागवावं, तर तिच्याशी बोलावं लागणार होतं!

दुसऱ्या दिवशी भिकाजी तो अर्धा कागद खिशात घालून होडीनं आगबोटीकडं गेला. सगळी मांडवी निरोपाला बंदरावर होती. मी गेले नाही.

उन्हं कलल्यावर काकी परसात वाळत घातलेली आमसुलं गोळा करत होती. मी शेजारी फुरंगटून बसले होते.

"तुळशे," ती म्हणाली, "काल कुठवर आलो होतो गो आपण?"

"लालबागच्या नाक्यावर."

"हां. मधली वाट धर. पिठाच्या गिरणीवरनं आत वळ. नळावर बायका असतील, त्यांना हसून बोल. आता जिना. काळोख हाय, भिंतीला हात लावून चढ."

रसानं लाल झालेला तिचा हात हवेतच भिंत चाचपत वर वर जात होता.