बोचेरिनी की बोक्केरीनी

कट्टा गावच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवणाऱ्या कावेरीला पणजीच्या रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं, ते १९६४च्या जानेवारीत. इंग्रजी निवेदिका हवी होती. पत्रासोबत टाइप केलेला एक कागद होता. त्यावर वीस युरोपियन संगीतकारांची नावं होती आणि चाचणीत ती इंग्रजी वाक्यात वापरून बोलायची होती.

त्यांतलं एक नाव होतं Boccherini.

हेडमास्तर भाईंनी चष्मा पुसून ते तीनदा वाचलं आणि निकाल दिला, "बोचेरिनी. चेअर, चॉक, चर्च. सी-एच म्हणजे च." भाईंचं इंग्रजी म्हणजे गावात शेवटचा शब्द. कावेरीनं पंधरा दिवस बोचेरिनीच घोकलं. पाणी शेंदताना, वह्या तपासताना, अगदी देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा. पोरी तिला मागून हसायच्या.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती आरोंद्याला तुळसा मावशीकडे मुक्कामाला आली. सकाळी खाडी ओलांडली की पलीकडे पणजीची गाडी मिळायची. संध्याकाळी ती अंगणात येरझारा घालत मोठ्यानं वाक्यं म्हणत होती, तेवढ्यात अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून खो खो हसू आलं. शेजारचा गुरुदास होता तो. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.

"गो बाय, बोचेरिनी म्हणजे कोण तो? माका ह्या नावाचो कोणच ठावक नाय!"

कावेरीचं तोंड उतरलं. तिनं कागद पुढे केला. गुरुदासनं नावावर बोट ठेवलं.

"ह्यो बोक्केरीनी! मी म्हापशाच्या एका मेस्त्राकडे, म्हणजे संगीताच्या मास्तराकडे, सात वर्सां नोटेशन शिकलंय. तेच्याकडे ह्येची पुस्तकां होती. इटलीचो माणूस ह्यो. थंय सी-एच म्हणजे क. नुसतो सी आणि फुडे आय नायतर ई इली, तर च."

"पण भाई म्हणाले..."

"भाईंका इंग्रजी येता गो. ह्यां इटालियन! आणि जोर देवचो तो री-वर. बोक्के-रीऽऽ-नी. इंग्रज लोक मधलो भाग हलको करतत, बॉक-रीनी. पण क तो क, आणि जोर थंयच."

त्यानं क्लॅरिनेट आणलं आणि तो जोर सुरावर चढवून दाखवला. कावेरीनं कागदाच्या कडेला ते टिपून घेतलं. नियम! नुसतं एक नाव नव्हतं ते, कुलुपाची किल्लीच हाती आली होती.

पण पंधरा दिवसांची सवय जिभेवरून उतरेना. सकाळी होडीत बसल्यावरही तिच्या तोंडून 'चे'च निघालं. समोर माशांची पाटी घेऊन बसलेल्या काशीबाईनं विचारलं, "काय गो, मंत्र म्हणतंस काय?" कावेरीनं हसत हसत सगळं सांगितलं. मग काय! काशीबाईनं ठेका धरला, तांडेल वल्ह्याच्या तालावर ओरडला, "बोक्के-रीऽऽ-नी!" आणि बारा माणसांची होडी त्या इटालियन माणसाच्या नावानं खाडी ओलांडून गेली.

बेतीच्या फेरीबोटीतून उतरून ती पणजीत पोचली. स्टुडिओत काचेपलीकडे एक करड्या केसांचे साहेब आणि एक बाई. लाल दिवा लागला. कावेरी सुरळीत वाचत गेली. बोक्केरीनी आला, गेला. कागद संपला. ती उठणार, तोच साहेबांचा आवाज आला.

"आता यादीबाहेरचं एक." आणि चिठ्ठी आत आली. Cherubini.

"आता आपण ऐकणार आहोत चे..." ती थबकली. सी-एच! "माफ करा. केरुबीनी यांची रचना."

"का बदललंत?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं. "देवदूताला इंग्रजीत चेरब म्हणतात, त्याचंही स्पेलिंग C-h-e-r-u-b. हा शब्द तुम्हाला माहीत असेल."

"माहीत आहे सर," कावेरीही इंग्रजीतच म्हणाली. "चेरब हा इंग्रजीनं आपलासा केलेला शब्द आहे. हे तर माणसाचं नाव. शेवट बोक्केरीनीसारखाच आहे, म्हणजे ते त्यानं इटलीहून आणलंय. माझं नाव कोणी केव्हरी म्हटलं, तर मी ओ देणार नाही."

काचेपलीकडच्या बाई मोकळेपणी हसल्या. साहेबांनी चष्मा काढला आणि दोघं बराच वेळ काहीतरी बोलत राहिली. अखेर दार उघडून बाईच आत आल्या.

"मिस, पहिल्या तारखेपासून येऊ शकाल?"

कावेरीनं होकाराची मान हलवली, तीही चारदा. मग वहाणा घालून ती जी सुटली, ती थेट तार ऑफिसात. फॉर्म समोर घेऊन घरच्यांना काय लिहावं याचा विचार करताना तिला 'बोक्केरीनी' एवढाच शब्द सुचला आणि एकटीलाच हसू फुटलं. खिडकीतला कारकून बघतच राहिला.