म्हैसासुराचा खोकला

सावरीच्या लाकडाचा म्हैसासुराचा मुखवटा. नाकाला दोन भोकं, तुरीच्या दाण्याएवढी.

नाशिकच्या अलीकडची खडी फोडायची मशीन. तिथं भरदुपारचा सूर्यही पिठाळ दिसतो.

लाल, गोड औषधाची बाटली. झाकण दातानं उघडलेलं.

वाऱ्यानं एकाच बाजूला लवणारं भात.

हे सगळं एकाच माणसाच्या छातीशी येऊन भिडलं. त्याचं नाव झिपरू.

सुरगाण्याच्या डोंगरातल्या त्या गावात बोहाड्याची, म्हणजे देवादैत्यांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाची, सोंगं घराण्यांत वाटलेली. म्हैसासुर झिपरूच्या घरचा, पणज्यापासूनचा. देवी त्याच्या चुलतभावाच्या, गेणूच्या घरची. पण झिपरू चार वर्षं भात कापून झालं की खडीच्या मशीनवर जायचा, आणि येताना खोकला घेऊन यायचा. नव्व्याण्णव सालच्या बोहाड्याआधी देवळापुढं बैठक बसली. सोंगांचा कारभारी म्हातारा बहिरू मधोमध. गेणू उभाच होता.

"याला टीबी हाय. याची थुकी लागल्याला मुखवटा उद्या कोन तोंडाला लावील?"

झिपरूनं दवाखान्याचा कागद काढला. "टीबी नाय. तीनदा बेडका तपासलाय. वाच."

"कागदाला खोकला येतो व्हय रं? तूच खोकून दाखव, सारं गाव वाचील."

लोक हसले. झिपरू बोलायला गेला आणि ढास लागली. वाकून खोकला, खाकरला. राखाडी बेडका धुळीत पडला. मेल्या उंदरावर लोटावी तशी गेणूनं पायानं त्याच्यावर माती लोटली.

बायकांतून झिपरूची अंबूबाई कडाडली, "तुझ्या तोंडातून रोज इख गळतं, त्याच्यावर कोन माती टाकतो रं?"

"वैनी, इख वाळतं. हे चिकटतं."

बहिरूनं काठी आपटली. "सोंग झिपरूचं. पन मुखवट्यात खोकला नायतर थुकला, तर मुखवटा गेणूच्या घरी. कायमचा."

सोमवारी झिपरू सरकारी दवाखान्यात गेला. "डाक्टरीणबाई, खोकला बंद करा."

"दादा, श्वासाच्या नळीला आतून बारीक केस असतात. वाऱ्यावरच्या भातासारखे लवतात. नळी चिकट कफ करते, धूळ त्यात अडकते, केस तो वर ढकलतात. तुमचे केस खडीच्या धुळीनं आन् बिडीनं झोपवलेत. आता केर काढायला खोकलाच उरलाय. तो अडवू नका. वाफ घ्या, वाकून पाठ थोपटून घ्या."

झिपरूनं मान डोलावली आणि बाजारातून खोकला दाबायचं लाल औषध घेतलं. बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी अख्खी बाटली रिकामी केली.

दिवस कासराभर वर आला. संबळ कडकडला. देवी झालेला गेणू लाकडी तलवार घेऊन समोर, म्हैसासुर झालेला झिपरू शिंगं रोखून. पहिल्या फेरीत एक ढास नाही. अंबूबाईनं हात जोडले.

दुसऱ्या फेरीत छातीत घरघर सुरू झाली. केर साचतच होता, झाडणारा मात्र गुंगीत पडला होता. तिसऱ्या फेरीत ओल्या गोधडीतून ओढावा तसा श्वास. भोकांतून उजेड येत होता, वारा येत नव्हता. झिपरू दोन्ही हातांवर पडला, डोकं खाली, पाठ वर.

"काय पडला! असा म्हैसासुर पाह्यला नव्हता!" लोक ओरडले.

म्हैसासुर पडला की देवीनं त्याच्या पाठीला तीनदा तलवार टेकवायची, ही रीत. गेणूनं टेकवली नाही. हाणली. पालथी, फटाफट. तीन झाल्या, चार झाल्या.

"टेकव रं, मारतो कशाला!" बहिरू ओरडला.

गेणू दात खाऊन पुटपुटला, "खोक, भाड्या. खोक."

सातव्या दणक्याला बरगड्यांच्या आत काहीतरी सुटलं. गोळा सरकत सरकत घशात आला, घशातून तोंडात. खारट, मातकट. त्यामागून शीळ घालत वारा आत शिरला. झिपरूच्या डोळ्यांपुढचा अंधार फाटला.

गेणू मुखवट्याशी वाकला. गोळा सुटल्याचं त्यानं ऐकलं होतं. "थुक आता."

झिपरूनं गिळलं.

बहिरूनं मुखवटा उतरवला, आतून बोटं फिरवली, बोटं बोटांवर घासून पाहिली. "घाम हाय. नुसता घाम. सोंग झिपरूचं."

"गिळलं यानं! बेडका गिळला!" गेणू देवीच्या लुगड्यात थयथयाट करत राहिला. त्याला अंबूबाई म्हणाली, "भावजी, आता माती कुठं लोटनार?"

डाक्टरणीनं सोमवारी आणखी एक सांगितलं होतं: धडधाकट माणूसही दिवसभर आपला कफ गिळतच असतो, त्याला पत्ता लागत नाही.