दहा मिनिटं उभं राहणं

चिमटा तर्जनीनं उघडला, मधल्या बोटानंही उघडला, अनामिकेशी मात्र अडला. कपडे वाळत घालायचा साधा निळा चिमटा. कोपरातून निघालेला जोर मनगटापर्यंत नीट यायचा आणि पुढे कुठंतरी गळून जायचा. अठ्ठावीस वर्षं या बोटांत कात्री होती – गिऱ्हाईक बोलायचं, आपण बोलायचो, कात्री आपली आपण चालत राहायची... आणि आता रोज सकाळी उठून, व्यायाम म्हणून, चिमट्याशी झटापट.

"दुकानात उभं राहायचं ते दहा मिनिटं म्हणजे दहाच," बायको दारातून म्हणाली. "फिजिओ बाईंनी काय सांगितलंय?"

"लक्षात आहे."

लक्षात होतंच. चौदा महिन्यांत ताप हटला, नसांची सूज उतरली, रिपोर्ट चांगले आले, डॉक्टरांनी हसून पाठ थोपटली. दुखणं तेवढं राहिलं – कमरेतून डाव्या पायात उतरणारं, उजव्या मनगटात ठाण मांडून बसलेलं. "हे पूर्ण जाईल असं खोटं सांगणार नाही," फिजिओ बाई म्हणाल्या होत्या. "बरं वाटलं म्हणून जास्त करायचं नाही, वाईट वाटलं म्हणून सोडायचं नाही. घड्याळ सांगेल तेवढंच." त्यानं ऐकलं नव्हतं. मागच्या महिन्यात एका सकाळी अंग हलकं वाटलं आणि त्यानं दुकानाचा माळा झाडून काढला; पुढचे पाच दिवस त्याला कुशीवरसुद्धा बायकोनं वळवलं. पाचव्या दिवशी ती न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. पाण्याच्या आवाजात ऐकू जाणार नाही, असं तिला वाटलं असावं.

दुकान चार इमारती सोडून. दोनदा भिंतीला हात लावून तो पोचला. धाकट्या भावानं आरसे पुसून ठेवले होते, त्याच्या खुर्चीवरची धूळ झटकली होती. "दादा, तू नुसता बस. गप्पा मार," धाकटा म्हणाला. नुसता बस... चौदा महिने मी दुसरं काय केलं?

तेवढ्यात मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. धाकट्याची रिकामी खुर्ची ओलांडून ते सरळ त्याच्या खुर्चीत बसले.

"वर्षभर कोणीही माझं डोकं भादरतंय," ते म्हणाले. "आज तुझ्याच हातून."

त्यानं मानेभोवती कापड बांधलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, आणि कात्री हातात घेतली. पहिली दोन मिनिटं नुसती भीतीची – कान, मानेवरची सैल कातडी, कात्रीचं टोक. मग उजवी बाजू झाली, मागची झाली, आणि मास्तर सुनेच्या स्वयंपाकाविषयी काहीतरी सांगत असताना तो चक्क हसला; हसल्यावर जाणवलं की हात आज ऐकतोय. पाय मात्र तापलेल्या तारेसारखा, पण तो काय रोजचाच. तो डाव्या कानावर आला तेव्हा दहा मिनिटं भरली होती. अजून पाच... पाच मिनिटांनी असं काय होणार आहे, एवढं एक डोकं पुरं केलं तर निदान आज तरी मी न्हावी – आणि मग आठवला तो नळ, बंद दारामागे वाहणारा, बराच वेळ.

त्यानं कात्री खाली ठेवली.

"मास्तर, पुढचं धाकटा करेल."

"अरे, एवढीशी तर बाजू राहिलीय."

"माझी वेळ संपली."

तोंडातून गेल्यावर ते वाक्य कसं ऐकू आलं हे त्याला कळलं. धाकट्यानं मान खाली घातली. मास्तर आरशातून त्याच्याकडे पाहत म्हणाले, "बरं. पुढच्या महिन्यात डावीकडून सुरू कर. दोन्ही बाजूंना न्याय मिळेल." धाकटा हसला. त्याला स्वतःला हसू आलं नाही.

तो गिऱ्हाइकांच्या बाकावर बसला. धाकट्याची कात्री भराभर चालली. डावी बाजू झाली, आणि मग, इकडे पाठ करून, त्यानं हलकेच उजवी बाजूही सारखी करायला घेतली. म्हणजे वाकडी झाली होती. हात ऐकतोय असं वाटत होतं तेव्हाच वाकडी होत होती, आणि मास्तरांना ते आरशात दिसत होतं, आणि ते सुनेच्या स्वयंपाकाविषयी बोलत होते...

चौदा महिने मी कोणाची तरी वाट बघत होतो. अठ्ठावीस वर्षं या खुर्चीमागे उभा राहिलेला तो माणूस आजारातून उठेल, येईल, कात्री उचलेल. तो येणार नाही. उद्या इथं दहा मिनिटांसाठी जो येईल तो दुसराच कोणी. त्याच्या हाताला वळण नाही, आणि त्याची-माझी नीटशी ओळखही नाही. हे कळल्यावर काहीतरी कोसळायला हवं होतं. तसं काही झालं नाही. वाट बघणं तेवढं थांबलं, आणि त्या जागी काय आलं ते त्याला सांगता येईना – हलकं होतं, पण बरं वाटण्यासारखं नव्हतं. पाय ठणकत होता. त्यानं तो बाकावर लांब केला आणि जमिनीवर पडणारे केस बघत बसून राहिला.