खालचा जॉइंट

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मी म्हणते, नुसतं एक बाथरूम पाहावं करून. तेवढ्यानेही सगळी हौस फिटते.

बाबा आजारातून उठले, पण जिना चढणं संपलं. म्हणून खालच्या अडगळीच्या खोलीत बाथरूम करायला घेतलं. हॉस्पिटलमध्ये मी बेडपॅन द्यायला गेले की ते डोळे गच्च मिटून घ्यायचे. ‘घरी गेल्यावर माझं मी करीन,’ एवढाच धोशा. त्या एका वाक्यासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

प्लंबर म्हणायचा, “फरशीवाला नक्की कधी येतोय ते सांगा ताई, मी आदल्या दिवशी हजर.” फरशीवाला म्हणायचा, “आधी प्लंबरचं उरकू द्या, मग बोलवा.” दोघेही इतके गोड बोलायचे, की भांडायचीही सोय नाही. डिस्चार्ज तोंडावर आला तशी मी रडकुंडीला आले आणि फरशीवाल्याला थाप मारली, “प्लंबरचं झालं. पाणी सोडून बघून गेला.” उरलंसुरलं प्लंबर नंतर वरून करेल, असं मला वाटलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

फरशी सुरेख बसली. बाबा यायच्या दिवशी सकाळी फरशीवाला शेवटची पुसापुशी करत असताना प्लंबर पाइप घेऊन उगवला आणि दारातच थबकला.

“अहो, खालचा जॉइंट राहिला होता. वर फरशी कोणी लावली?”

“ताईच म्हणाल्या झालंय,” फरशीवाला म्हणाला.

इतके दिवस एकमेकांच्या नावाने खडे फोडणारे ते दोघे पहिल्यांदाच एकत्र माझ्याकडे बघत होते. धरणीने पोटात घ्यावं असं झालं मला.

“फोडा,” मी कशीबशी म्हणाले.

ठोकाठोकी चालू असतानाच भाऊ बाबांना चाकाच्या खुर्चीतून घेऊन आला. बाबांनी खुर्ची थेट बाथरूमच्या दाराशी न्यायला लावली. किती दिवसांनी चेहरा उजळला होता त्यांचा.

“मला जायचंय. कुणी आत यायचं नाही.”

“पाचच मिनिटं, बाबा.” साफ खोटं. संध्याकाळपर्यंतही होणार नव्हतं. मी धावत बेडपॅन आणलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. “जरा हात चालवा हो!” मी प्लंबरवर ओरडले. तो बिचारा घामाघूम होऊन छिन्नी मारत होता.

मग त्याचा हातोडा थांबला. त्याने आणि फरशीवाल्याने माना खाली घातल्या. खुर्चीखालून ओल पसरत होती.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जी फरशी अजून फुटली नव्हती, तिच्याकडे बघत म्हणाले, “रंग छान निवडलास गं.”